डबीतली घट

विट्यात ‘थोडंफार उडालं असेल’ हे उत्तर चालत नाही. खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळण्याच्या, धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पांगली आहेत. सराफाच्या दुकानातला केरही ती वाया जाऊ देत नाहीत, त्यातून सोनं काढतात. आणि मुशीत घातलेल्या मालाला किती घट आली याचा जबाब गुंजेगुंजेचा द्यावा लागतो. अशा गावात इअरबड भरून डबीत ठेवावेत, चार दिवसांनी काढावेत तर निम्मे रिकामे, आणि कुणी हिशेबच मागू नये?

एका निवृत्त गलाईवाल्या आबांनी मागितला. बड नातवाचे, दुकानदार चौकातला.

“वापरलं न्हाई, मग चार्जिंग गेलं कुटं?”

“आबा, तेवढं जातंच.”

“आमी गिऱ्हाइकाला आसं म्हणलो आसतो, तर गावाकडं परत आलो नसतो.”

दुकानदाराच्या वतीने आम्हीच जबाब देतो. लिथियमची बॅटरी नुसती ठेवली तरी गळते, पण फारच सावकाश; उन्हाळ्यात जरा जास्त. खरी उधळपट्टी डबीची. झाकण उघडलं का यावर तिची नजर असते, आत बड जरा उतरला की ती त्याला पुन्हा भरते, आणि हे सगळं स्वतःच्या पोटातून. डबीच्या तळाशी बारीक पिना असतात. त्यांना टेकल्यावरच बडला कळतं की आपण घरी आलो, आता रेडिओ बंद. मध्ये मळ आला की तो स्वतःला कुणाच्या तरी कानात समजतो आणि शेजारच्या खोलीतल्या मोबाइलशी रात्रभर संधान बांधून बसतो. त्याची बॅटरी ती केवढी! मोबाइलमध्ये ५,००० मिलिअँपिअर-तास, तर बडमध्ये जेमतेम ३० ते ६०.

मळ दोन प्रकारचा: कानातला आणि इथल्या यंत्रमागांच्या शेडमधल्या कापसाचा. २०२१च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत विटा देशात पहिलं आलं; डबीचा तळ मात्र कुठल्याच वॉर्डात मोडत नाही. (खडखडाटात बड घालून उभा असलेला कारागीर गाणं ऐकतोच असं नाही. नुसता माग ऐकायचं टाळायला चार्जिंग कशाला लागतं?)

यंत्रमागवाले या प्रकरणी सर्वांत शांत आहेत. माग बंद ठेवले तरी वीजबिलावर स्थिर आकार येतोच. डबीनेही तोच लावला, इतकंच. निदान ती थकबाकीची नोटीस तरी काढत नाही.

कोरड्या कापसाच्या काडीने पिना पुसाव्यात, बड बसल्यावर दिवा लागतो का पाहावं, डबी उन्हात ठेवू नये. एवढं करूनही दोन-तीन वर्षांत बॅटरी दमते. ती बहुधा आत चिकटवलेली असते, त्यामुळे बदलायला जावं तर नवे बड बरे पडतात.

आम्ही हे सांगत असताना दुकानदाराच्या तोंडून निघून गेलं, की पिनांवर पुष्कळदा सोन्याचा मुलामा असतो.

आबांनी चष्मा लावला.

“मेल्यालं कितीक हाईत तुज्याकडं?”

दुकानदाराने खालचा खण ओढला. खण भरलेला होता.

“समदं दे. पर बॅटऱ्या आदी काडून ठेव. मुशीत गेल्या तर आवाज खानापुरात ऐकू यील. आन् घट मी सांगंन तीच.”