झिरो किती लावले?

परदेशी फोन लागत नाही म्हणून बोलावलेले इंटरकॉमवाले काका ऑफिसात आले की आधी मशीनच्या वाटेला जात नाहीत. पाणी पितात, चहा सांगतात आणि ज्याचा फोन लागत नाही त्याला समोर बसवून म्हणतात, "लावा बघू." तो लावतो. काका त्याच्या बोटाकडे बघत राहतात. मुलगी बघायला आलेल्या आत्याबाई तिला "जरा चालून दाखव" म्हणतात तेव्हा त्यांची जी नजर असते, ती. बोट थांबलं की प्रश्न येतो, "झिरो किती लावले?"

"दोन."

काका खुर्चीत मागे रेलतात. व्हिजिटचे पैसे त्यांनी तिथेच वसूल केलेले असतात.

सातपूर-अंबडपासून भोसरी-शिरोलीपर्यंत कुठल्याही औद्योगिक वसाहतीत असे एक काका असतातच. वय साठीच्या अल्याड-पल्याड, खांद्याला रेक्झिनची बॅग, तिच्यात क्रोन टूल, जंपर वायरचं भेंडोळं आणि वायरीच्या टोकाला दोन चिमटे लावलेला एक टेस्टिंगचा फोन. त्यांचा मोबाइल नंबर ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणाऱ्या त्या मशीनच्या, झाकणावर मार्करने लिहिलेला असतो. रिसेप्शनवरच्या मुली बदलतात, मालकाचा मुलगा गादीवर येतो, पण झाकणावरचा नंबर कोणी पुसत नाही.

झिरोचा हिशेब ते सगळ्यांना एकदाच सांगतात, पण रोज सांगतात. ऑफिसातून बाहेरची लाइन घ्यायला एक झिरो, देशाबाहेर पडायला दोन, मग त्या देशाचा कोड. एकूण झिरो तीन. दोनच लावले तर पहिला मशीन खातं, एक्स्चेंजच्या हाती एकच पडतो आणि एकच झिरो म्हणजे एसटीडी. ब्रिटनचा कोड 44, आणि 044 म्हणजे चेन्नई. फ्रान्सचा 33, आणि 033 म्हणजे कोलकाता. "तुम्ही लंडनला निघालात साहेब, पण गाडी चेन्नईच्या फलाटावर," असं म्हणून काका बशीत चहा ओततात. मग रेकॉर्ड केलेल्या बाई हा क्रमांक अस्तित्वात नाही असं सांगतात, आणि आपण समजतो, लंडनची पार्टी बुडाली.

दुसरा गुन्हेगार लेटरहेडवर सापडतो. परदेशी लोक आपला नंबर प्लस 44, मग कंसात शून्य, मग 20 असा छापतात. आपला माणूस प्रामाणिक. छापलेलं सगळं लावतो. काका पेनाने कंस खोडतात. "हा झिरो त्यांच्या घरातल्या घरात. आपण बाहेरचे, आपल्याला नाही." मग जरा थांबून, अपवादाचं सूत्र सांगावं तसं म्हणतात, "इटली सोडून." इटलीत लँडलाइनचा पहिला शून्य बाहेरूनही लावावाच लागतो, 1998 पासून. काका इटलीला कधी गेलेले नाहीत, पण हे त्यांना आपल्या गल्लीच्या पत्त्याइतकं पाठ आहे. लंडनचंही. 1990 पर्यंत लंडनचा कोड 01 होता, मग शहर 071 आणि 081 असं वाटलं गेलं, 1995 मध्ये त्यात आणखी एक 1 घुसला आणि 2000 साली पुन्हा सगळ्या शहराचं 020 झालं. मालकांच्या डायरीत मात्र जुनाच नंबर असतो, कारण डायरी कापडी बांधणीची आणि भारी आहे.

आता 020 म्हणजे पुणेही. पण ते काका पुण्याच्या माणसाला सांगत नाहीत. एकदा सांगितलं की तो लंडनला शाखा म्हणायला लागतो.

तरुण मंडळींची अडचण वेगळी. मोबाइलवर प्लस दाबून बोलायची सवय, टेबलावरच्या फोनवर प्लस शोधतात. स्टार दाबून बघतात, हॅश दाबून बघतात. त्यातला हॅश कधीकधी लागू पडतो, पण शेवटी दाबल्यावर. आंतरराष्ट्रीय नंबर कुठल्याही लांबीचा असू शकतो, नियमाने जास्तीत जास्त 15 आकडे, त्यामुळे आपला नंबर संपला हे मशीनला कळत नाही. ते आणखी आकड्यांची वाट बघत काही सेकंद गप्प राहतं. आणि आपण? तेवढ्यात रिसीव्हर आपटतो. या आजाराला काका "घाई" म्हणतात आणि त्याचं बिल लावत नाहीत.

काकांचा संयम जुन्या काळातला आहे. ट्रंक बुक करून दिवसभर फोनजवळ बसायचं, ऑर्डिनरी लागत नाही म्हणून अर्जंट करायचा, त्याहून घाई असेल तर लाइटनिंग, आणि समोरचा नेमका माणूसच हवा असेल तर पीपी. मुंबईहून लंडन थेट डायल करता येऊ लागलं 1976 मध्ये. त्याच्याही आधी, 1971 साली, आपल्या जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रहाशी बोलणारं विक्रम भूकेंद्र उभं राहिलं. नारायणगावचा विषय निघाला की लोक तमाशाबद्दल बोलतात, काका आर्वीच्या तबकडीबद्दल बोलतात. "टोमॅटोच्या शेतांतनं आवाज आभाळात जायचा," असं सांगताना त्यांचा चहा थंड होतो.

झिरो बरोबर असूनही फोन लागला नाही, तरच ते मशीनकडे जातात. तोवर लाइन देणाऱ्या कंपनीने कळवलेलं असतं की आमच्याकडून आयएसडी चालू आहे, दोष तुमच्या ईपीएबीएक्समध्ये आहे. काका वाद घालत नाहीत. बोर्डावरून लाइन सोडवून घेतात, चिमटे लावतात आणि टेस्टिंगच्या फोनवरून थेट दोन झिरोंनी परदेश लावतात. वाजला तर चूक घरची, नाही वाजला तर चूक दारची. इतका स्वच्छ निवाडा मी कोर्टातही बघितलेला नाही.

हल्ली तांब्याची जोडीच नसते, इंटरनेटवरून एसआयपी ट्रंक येते, म्हणून काका बरोबर भाच्याला आणतात. भाचा लॅपटॉप उघडून म्हणतो, "403 येतोय."

"म्हणजे?"

"फॉरबिडन. मनाई."

"मग मनाई म्हण ना. नंबर काय सांगतोस?"

पुढे 484 आला की पत्ता अपुरा. बहुतेकदा पलीकडच्यांना नंबर प्लसने हवा असतो आणि आपलं मशीन शून्य-शून्य लावून पाठवत असतं. भाचा एक ओळ बदलतो, फोन लागतो. काकांना ते पटत नाही. ज्या दुरुस्तीत स्क्रू उघडला नाही तिचे पैसे कसे मागायचे, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

मनाईला कारण असतं, हे मात्र ते मालकांना दटावून सांगतात. ईपीएबीएक्सचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच 1234 ठेवला, तर शनिवारी रात्री कोणीतरी बाहेरून आत शिरतो आणि सोमवारी सकाळपर्यंत तुमच्या लाइनवरून भलत्याच देशांतल्या महागड्या नंबरांशी गप्पा मारतो. म्हणून लाइनवाले आयएसडी मुळातच बंद ठेवतात. अर्ज द्या, डिपॉझिट भरा, मग उघडतील. मालकही बिल बघून एकदा कुलूप घालतात. कोणत्या रागात कोणतं कुलूप घातलं ते वर्षभराने कोणालाच आठवत नाही. काका ती कुलपं एकेक करून काढतात, आणि इथेच त्यांना कंपनीची अशी माहिती मिळते जी ऑडिटरलाही मिळत नाही.

प्रत्येक एक्स्टेन्शनला एक वर्ग ठरवून दिलेला असतो: कोणी फक्त आतल्या आत बोलायचं, कोणी लोकल, कोणी एसटीडी, कोणी आयएसडी. व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापा, माणसाची पत या यादीत कळते. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे भर फेब्रुवारीत काकांनी ही यादी उघडली. कंटेनर बंदराच्या वाटेवर, आणि एक्सपोर्ट मॅनेजरचा लंडनला फोन लागेना. यादीत मालकांना आयएसडी होतं. मालकांच्या मेहुण्यांना होतं, जे फक्त लक्ष्मीपूजनाला येत. एक्सपोर्ट मॅनेजर एसटीडीवर. आणि गेटवरच्या वॉचमनच्या केबिनला सगळं जग उघडं!

झालं होतं असं, की मालकांची जुनी केबिन गेटजवळ होती. ते वरच्या मजल्यावर गेले, जागा वॉचमनला मिळाली, वायर तीच राहिली आणि वायरीबरोबर मालकांचा मानही. वॉचमनमामांनी तो फोन आजवर फक्त चहा मागवायला वापरला होता.

काका म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे. मॅनेजरसाहेबांना वर्ग देतो, गेटचा काढतो."

मालक विचारात पडले. "यांना दिलं की उद्या अकाउंटवाले मागतील, परवा पॅकहाउस."

"मग?"

"गेटवर एक खुर्ची टाका."

काकांनी बिलावर "आयएसडी चालू करून दिले" असं लिहिलं आणि पूर्ण रक्कम घेतली. मॅनेजर आता रोज दुपारी, लंडनची ऑफिसं उघडली की, फाइल घेऊन गेटवर जातात. मामा त्यांना आधी रजिस्टर पुढे करतात. नाव, आत येण्याची वेळ. "कामाचे स्वरूप" या रकान्यात मामा स्वतःच्या हाताने "लंडन" लिहितात आणि सही घेतल्याशिवाय रिसीव्हर देत नाहीत.