शंभरीचा मान

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण पेट्रोलने खरी करून दाखवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथल्या प्रीमियम पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. साधं पेट्रोल बिचारं मे महिन्यात तिथं पोचलं. प्रीमियमवाल्यांना शंभर मोजण्याचा मान तीन महिने आधी मिळाला!

टँकर येतो मनमाडहून, तीनशेहून अधिक किलोमीटर तुडवत; ते भाडंही दरात.

तेव्हा, २०२१ मध्ये, साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, प्रीमियमचा एक प्रकार ९५चा. जादा ऑक्टेन म्हणजे जादा ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये, एवढाच बंदोबस्त. ९१वर चालणाऱ्या शंभर सीसीच्या फटफटीला त्याचं काय कौतुक? तरी पंपावर एखादा स्वार ऐटीत टाकीचं झाकण उघडतो अन् म्हणतो, "प्रीमियम टाक रे... पन्नासचं."