सातव्या घराचे अण्णा

निपाणीच्या दर गल्लीत एक तरी अण्णा असतात. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून जन्म काढलेले, चष्मा कपाळावर, डबीत तपकीर. आणि कुणाचीही पत्रिका हाती आली की बारा घरांतलं फक्त सातवं बघणारे. "आणि बाकीची अकरा ओ?" म्हटलं की उत्तर तयार : "ती तुमची तुम्ही बघा की. माणसाला गोत्यात आणतंय ते समोरचं घर."

जन्मावेळी पूर्वेला उगवते ती रास म्हणजे लग्न, म्हणजे आपण. त्याच घटकेला पश्चिमेला मावळते ती सातवी, म्हणजे आपल्यासमोर उभं राहणारं माणूस. बायको तिथं, धंद्यातला भागीदार तिथं आणि उघड वैरीही तिथंच. "तिघांना एकाच खोलीत ठेवलंय, ते काय जागा कमी पडली म्हणून?" हे ऐकून घेतल्याशिवाय चहा येत नाही.

मुलीचा बाप "सकाळी सहाच्या सुमारास" म्हणाला की अण्णांचं पेन खाली. "सुमारास चालत नाही. लग्न दोन-दोन तासांनी पालटतंय. सहाला सिंह असलं तर जावई शनीचा. सव्वासहाला कन्या लागली की गुरूचा! त्यात आपला सूर्य घड्याळाच्या ३२ मिनिटं मागं."

सातव्यात मंगळ निघाला की बैठकीत सगळ्यांची तोंडं उतरतात. अण्णा मुद्दाम चिमूटभर तपकीर ओढतात, शिंक येईपर्यंत सगळ्यांना टांगून ठेवतात, मग म्हणतात, "कागलचं एक स्थळ हाय. पोरालाबी मंगळच. जुळतंय. मधे राज्याची हद्द हाय, खरं मंगळाला कोगनोळीचा नाका लागत नाही."

सीमाप्रश्नही त्यांनी मांडून ठेवलाय. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा घातला, त्याची प्रश्नकुंडली वहीत आहे. "लग्न म्हणजे वादी, सप्तम म्हणजे प्रतिवादी. दोन्ही केंद्रस्थानं. एकबी हलायचं नाव घेत नाही!" निकाल कधी, असं विचारलं तर ते वही मिटतात आणि डबी उघडतात.

अण्णांची स्वतःची पत्रिका मात्र लग्नात जुळवलीच नव्हती. काकूंची जन्मवेळ कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या आईला एवढंच आठवत होतं, की मिरगाचा पाऊस लागला होता आणि म्हैस व्याली होती. एवढ्यावर कुठला पंचांगकर्ता लग्न काढणार? तरी संसार झाला, पोरं झाली, नातवंडं बेळगावला शिकायला गेली. "पत्रिका न बघता कसं जमलं ओ?" असं एकानं विचारलंच. अण्णा शनी-शुक्रांची जमवाजमव करत होते, तोवर आतून काकू बोलल्या, "बघितली असती तर ह्यांना दिली असती व्हय मला?"

बैठक हसली. अण्णाही हसले. लगेच दुसरी हाक आली, "अहो, सातव्या घरातनं निरोप हाय. दूध संपलंय. पाहुण्यांना शिंकून झालं असलं तर पिशवी घेऊन सुटा."

अण्णा उठले. लग्नेश आणि सप्तमेश यांत बलवान कोण, हा प्रश्न त्या दिवसापुरता निकाली निघाला.