मनमाडला देश बदलायचा

जालन्याच्या बियाण्याच्या आणि सळईच्या पैशाला हल्ली उत्तर ध्रुव खुणावतो आहे. दुबई झाली, सिंगापूर झालं, स्वित्झर्लंडच्या बर्फात पैठणी नेसून फोटोही झाला. आता नवं खूळ: आगगाडीने उत्तर युरोप. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त काकांनी तर दिवाणखान्यात नकाशाच अंथरला आहे. कोपनहेगन, माल्मो, स्टॉकहोम, ओस्लो, बर्गेन आणि जमलं तर हेलसिंकी. जमलं तर म्हणजे काकूंच्या गुडघ्यांना जमलं तर.

या सगळ्याचा राजा म्हणजे युरेल पास. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी एकच पास, तेहेतीस देश. वाचून काका हरखले. मग बारीक अक्षरं वाचली: लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना सीटचे पैसे वेगळे. पास आहे, पण जागा मिळेलच असं नाही. यात आपल्याला नवीन काय? जनरलच्या डब्याने हे शिक्षण आपल्याला फुकटात दिलेलं आहे.

मग व्हिसा. शेंगेन एकच, पण अर्ज कुणाकडे करायचा? जिथे जास्त दिवस मुक्काम त्या देशाकडे. त्यामुळे काका रोज रात्री स्वीडनची एक रात्र कापून नॉर्वेला जोडतात आणि सकाळी परत करतात. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, शेंगेनमध्ये मात्र आहे. म्हणजे पंगतीला नाही, पण पानसुपारीला हजर. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, तिघांचा क्रोन वेगवेगळा आणि फिनलंडचा युरो. वर तीस हजार युरोचा विमा. ‘एवढ्याशा टापूत चार नाणी?’ काकू म्हणाल्या.

खरी गंमत पुढे आहे. कोपनहेगनहून माल्मोला जाताना समुद्र आडवा येतो, पण 2000 सालापासून त्यावर पूल आहे आणि गाडी सरळ स्वीडनमध्ये शिरते. स्वीडनमधून फिनलंडला मात्र रुळांवरून सरळ जाता येत नाही. स्वीडनचे रूळ 1435 मिलिमीटरचे, फिनलंडचे 1524 चे. फिनलंडवर झारचं राज्य होतं तेव्हाची ही देणगी. म्हणून बहुतेक लोक स्टॉकहोमहून रात्रीची बोट धरतात.

हे ऐकून काका ‘केवढी भानगड!’ म्हणाले. काका, तुमच्या वडिलांना विचारायला हवं होतं. निजामाच्या राज्यात जालन्याहून मुंबईला जाणारा प्रत्येक माणूस हेच करत होता. मनमाडपर्यंत निजामाची मीटर गेज. मनमाडला उतरायचं, वळकटी डोक्यावर घ्यायची आणि इंग्रजांच्या ब्रॉड गेजच्या गाडीत चढायचं. खिशातला निजामाचा हाली रुपया पलीकडे बिनकामाचा. सात हाली दिले की इंग्रजांचे साधारण सहा कलदार रुपये हाती येत. माल बरोबर असेल तर करोडगिरीवाल्यांचा नाका होताच. रूळ वेगळे, नाणं वेगळं, जकात वेगळी. दोन राज्यांचा रेल्वे प्रवास, आणि तोही पास न काढता, बायोमेट्रिक न देता! त्याचा कुणी स्लाइड शो केला नाही एवढंच.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. रूळ मात्र चाळीसहून अधिक वर्षं पारतंत्र्यातच राहिले. मनमाडची ब्रॉड गेज मराठवाड्यात आली ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. निजाम गेला, पण जालन्याच्या गाड्यांचा कारभार आजही नांदेड विभाग, दक्षिण मध्य रेल्वे, मुख्यालय सिकंदराबाद. पत्ता काही फार बदललेला नाही.

आणि जळगाव? शेजारचा मुलूख. कोपनहेगन ते माल्मो समुद्र ओलांडून साधारण चाळीस मिनिटं. जालना ते जळगाव रेल्वेने जायचं तर मनमाडचा वळसा. 174 किलोमीटरच्या जालना–जळगाव मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. सात हजार कोटींच्या वर खर्च, वाटेत अजिंठा. छान आहे. जालना–खामगाव मार्गाची मागणी तर इतकी जुनी की तिलाच वारसास्थळाचा दर्जा द्यावा.

मिळालं नाही असंही नाही. जालन्याचेच खासदार रेल्वे राज्यमंत्री होते तेव्हा, 30 डिसेंबर 2023 ला, जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. पेढे वाटले. पुढे ती नांदेडपर्यंत गेली. त्याआधी जनशताब्दी हिंगोलीला गेली होती. गेल्या त्याचं दुःख नाही. नांदेड-हिंगोलीकरांनी तरी या गाड्यांसाठी किती काळ जालना गाठायचं? पण जालन्याहून सुटणारी गाडी जालन्यावरून जाणारी झाली की स्टेशनवरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते एकदा बघून या.

असो. काकांचं नियोजन पूर्ण झालं आहे. बर्गेनच्या गाडीची खिडकी ठरली, बोटीची केबिन ठरली, बँकेचे, विम्याचे, हॉटेलांचे कागद फाइलमध्ये लागले. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं आहे. तारीख मिळाली, मुंबईचं तिकीट वेटिंगवर आहे. म्हणून सध्या काका फाइलीतला शेवटचा कागद मिळवायच्या खटपटीत आहेत: इमर्जन्सी कोट्यासाठी खासदारांचं पत्र.