समान संधी केंद्र कसे चालवावे : नव्या प्राचार्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

अभिनंदन! आपण प्राचार्य झालात. हार सुकण्यापूर्वीच विद्यापीठाचं एक पत्र टेबलावर येईल : 'आपल्या महाविद्यालयात समान संधी केंद्र कार्यान्वित आहे किंवा कसे, याबाबत उलटटपाली कळवावे.' घाबरून जाऊ नये. असं केंद्र काढायला सांगणारे, उच्च शिक्षणसंस्थांतल्या समतेबद्दलचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१२मध्ये आले आणि महाविद्यालयं तेव्हापासून सुरळीत चालू आहेत. खालील पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पायरी १ : फलक

आधी फलक लावावा, केंद्र सवडीने काढावं. जिमखान्याच्या मागे, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेली जी खोली असते ती या कामाला उत्तम. फलक लागताच जिओ-टॅग असलेला फोटो काढून घ्यावा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात समावेशक वातावरणाचे पुरावे मागतात, तिथे तो उपयोगी पडतो. मग खोलीला कुलूप लावून किल्ली शिपाईमामांकडे द्यावी. मामा रजेवर असतील त्या दिवशी केंद्र बंद असतं, एवढं विद्यार्थ्यांनी समजून घ्यावं.

पायरी २ : अधिकारी

नियमांनुसार भेदभावविरोधी अधिकारी नेमावा लागतो. यासाठी स्टाफच्या यादीत फार शोधू नये. मागास प्रवर्गातले जे प्राध्यापक आहेत त्यांच्याकडेच काम द्यावं. शिष्यवृत्ती समिती, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर हे आधीपासून त्यांच्याकडेच असतं, त्यामुळे त्यांना सवयही असते. प्रवेश, खरेदी आणि परीक्षा या समित्यांना मात्र अनुभवी माणसं लागतात. अनुभवी कोण, हे त्या समित्यांवर आधीपासून असलेले लोक ठरवतात.

या नेमणुकीचा आणखी एक फायदा आहे. एखाद्या विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार आलीच, तर अधिकाऱ्यांना आपली पदोन्नतीची फाइल त्याच विभागप्रमुखाच्या सहीसाठी थांबली आहे, हे आठवतं. तक्रार मग आपोआप 'सामंजस्याने' मिटते.

पायरी ३ : वर्ग

आयोगाच्या नियमांत काय करू नये याची चांगली लांब यादी आहे. वर्गात विद्यार्थ्यांची जात, जमात, धर्म, प्रदेश जाहीर करू नये. कोणाला 'राखीववाला' म्हणू नये. मुलगा मागे पडला तर कारण त्याच्या जातीत किंवा वंशात शोधू नये. प्रयोगशाळेत त्याला नुसतं उभं करून ठेवू नये. वसतिगृह, खानावळ, वाचनकक्ष, मैदान इथे वेगळं काढू नये.

नवख्या प्राचार्यांना ही यादी वाचून धडकी भरते. तसं कारण नाही. जातीचा उच्चार न करता यातलं बहुतेक सगळं करता येतं. शिपायाने तास चालू असताना नोटीस आणावी आणि सरांनी मोठ्याने वाचावी : 'शिष्यवृत्तीचे फॉर्म राहिलेले खालील विद्यार्थी उभे राहा.' नावं वाचून संपली की वर्गाला जे कळायचं ते कळलेलं असतं. हाच निरोप त्या विद्यार्थ्यांच्या फोनवर पाठवता येतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

ओळख करून घेतानाही शिस्त पाळावी. आयआयटी मुंबईने २०२३मध्ये विद्यार्थ्यांना सूचना दिली, की एकमेकांना प्रवेशपरीक्षेची रँक विचारू नका, कारण तो जात काढून घेण्याचा प्रयत्न ठरू शकतो. आपल्याकडे रँकची गरज नाही, आडनावावर काम भागतं. पंचाईत होते ती समोरचा पवार, जाधव किंवा गायकवाड निघाला तर. अशा वेळी 'गाव कुठलं?' असं विचारावं. तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर 'गावात घर कुठल्या बाजूला?' हा प्रश्न सहसा वाया जात नाही.

ईशान्येकडचे विद्यार्थी असतील तर एवढेही कष्ट नाहीत. चेहरा पाहूनच 'इंडियन आहेस ना?' असं लाडाने विचारता येतं. अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाला जानेवारी २०१४मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात त्याच्या दिसण्यावरून चिडवलं गेलं, त्यातून मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती बसली. पण ते दिल्लीत. आपल्याकडे नुसती गंमत चालते.

पायरी ४ : स्टाफरूम

समता विद्यार्थ्यांपुरतीच असते असा समज आहे. तो सोयीचा असल्याने राहू द्यावा. १९१८ साली डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी स्टाफरूममधल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला हात लावू नये असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला होता. आज स्टाफरूममध्ये फिल्टर आहे, त्यामुळे पाण्याचा प्रश्न सुटला. डबे मात्र अजूनही दोन-तीन टेबलांवर वेगवेगळे उघडतात, आणि कोणता डबा कुठे उघडायचा हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही.

भरतीबाबत एवढंच लक्षात ठेवावं, की राखीव पद भरायचं नसेल तेव्हा, कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं हे ठरवणारी 'बिंदुनामावली तपासणीसाठी गेली आहे' असं म्हणावं. तपासून आली, तर 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा आहेच. तो उमेदवार चार वर्षं तेच विषय त्याच वर्गात तासिका तत्त्वावर शिकवत असला तरी या शेऱ्याला बाधा येत नाही.

पायरी ५ : जयंत्या

यात कसूर नको. तसबिरी पुसून ठेवाव्यात, हार ताजे आणावेत. अध्यक्षस्थानी संस्थेचे चेअरमन असावेत. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे चेअरमनसाहेबांनी भाषणात जरूर सांगावं. त्यानंतर चहापानापर्यंत बिंदुनामावलीचा विषय कोणी काढू नये.

'विविधता दिन' वेगळा करावा. त्या दिवशी मणिपूरच्या मुलीने नाचावं, नायजेरियाच्या मुलाने ढोल वाजवावा, आदिवासी मुलांनी तारपा. दुसऱ्या दिवशी त्यांना भाड्याने खोली मिळते का, ही चौकशी कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही.

पायरी ६ : तक्रारी

ही शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची पायरी. वार्षिक अहवालात 'प्राप्त तक्रारी' असा रकाना असतो. त्यात 'निरंक' लिहावं. हा शब्द नीट मिळवावा लागतो. विद्यार्थिनी अर्ज घेऊन आली, तर तिला बसायला सांगून पाणी द्यावं. मग 'मॅडमचा स्वभावच तसा आहे', 'करिअरचा विचार कर', 'अंतर्गत गुण अजून लागायचेत ना?' ही तीन वाक्यं याच क्रमाने म्हणावीत. अर्ज सहसा ती स्वतःच परत नेते.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या विद्यार्थ्याने जानेवारी २०१६मध्ये आत्महत्या केली; मुंबईत पायल तडवी या शिकाऊ डॉक्टरने मे २०१९मध्ये. वरिष्ठांच्या छळाबद्दल आपण आधीच सांगितलं होतं, असं पायलच्या घरच्यांचं म्हणणं आहे. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघांच्या आया शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने आयोगाला विचारलं : किती संस्थांत समान संधी केंद्रं आहेत, किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं? आपलं उत्तर तयार असेलच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*केंद्र चुकून खरोखरच चालू झालं, तर कसं ओळखावं?*
खोलीची किल्ली दारालाच लटकलेली दिसते. अधिकारी म्हणून सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक स्वतः मागून काम घेतात, मग त्यांचं आडनाव काहीही असो. शिष्यवृत्तीची नोटीस वर्गात येत नाही. तक्रारी सुरू होतात.

*तक्रारी सुरू झाल्या म्हणजे वातावरण बिघडलं ना?*
वातावरण जे होतं तेच असतं. फरक इतकाच, की आता ते प्राचार्यांनाही कळतं.

*पहिली तक्रार आली तर अहवालात काय लिहावं?*
'१' लिहावं. शेजारच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांचा फोन येईल : 'तुमच्याकडे भेदभाव होतो म्हणे?' त्यांना सांगावं, हो, होतो, आणि आमच्याकडे तो लिहून घेणारा माणूसही आहे. तुमच्याकडे कोण आहे?