डिस्क काढा, डिस्क लावा

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी आहे. जाणकारांनी पान उलटावं. हा उद्योग मुळात करू नये हे त्यांना ठाऊक असतं, आणि अशा माणसांचा हार्डवेअरच्या कामात काही उपयोग नसतो.

साहित्य : एक जुना कॉम्प्युटर, ज्याच्यावर तुमचं पोट आहे. समजा, डीटीपी सेंटरमधला पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, त्यावर पेजमेकर ७ आणि लग्नपत्रिकांचे सगळे मराठी फॉन्ट. एक नवा कॉम्प्युटर, ज्यात यातलं काहीही नाही. एक स्टार स्क्रूड्रायव्हर. पेजमेकरची सीडी साहित्यात धरलेली नाही. ती सापडत असती तर तुम्ही हे वाचत बसला नसता.

सुरुवात सगळे एकाच ठिकाणी करतात, तुम्हीही करावी. पेजमेकरचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्या कॉम्प्युटरवर टाकावा आणि आयकॉनवर डबलक्लिक करावं. अमुक डीएलएल सापडत नाही, असा निरोप येईल. ती जुन्या मशिनमधून शोधून आणावी. मग दुसरी सापडत नाही. हा खेळ संध्याकाळपर्यंत रंगतो. इन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर एका फोल्डरात कधीच राहत नाही. त्याच्या काही फायली विंडोजच्या फोल्डरात असतात, काही यूझरच्या खात्यात, आणि आपण कुठे राहतो, कोणत्या सीरियल नंबरवर राहतो याची नोंद रजिस्ट्रीत. फोल्डर म्हणजे जमीन, रजिस्ट्री म्हणजे सातबारा. शेतातली माती घमेल्यात भरून नेली म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

इथे तुम्हाला सुचतं की अख्खी डिस्कच उचलून न्यावी. विंडोज, रजिस्ट्री, फॉन्ट, सगळं एकगठ्ठा. कल्पना वेडगळ असती तर बरं झालं असतं. ती अर्धवट बरोबर आहे, म्हणून माणूस तिच्यात अडकतो.

प्लग काढून कॅबिनेटचा पत्रा उघडावा. आत धूळ, उदबत्तीची राख आणि एखादं वाळलेलं झुरळ असेल. डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात आणि सीडी ड्राइव्हचे बारीक. दोन्ही एकाच वाटीत टाकावेत म्हणजे परत लावताना करमणूक होते. डिस्कला एक चपटी राखाडी पट्टी लावलेली असते, चाळीस पिनांची. तिला धरून ओढू नये असं सांगतात. सगळे तिलाच धरून ओढतात. शेजारी नखाएवढाही नसलेला एक जंपर असतो, डिस्क मास्टर की स्लेव्ह हे ठरवणारा. तो टेबलाखाली पडतो. शोधायला मोबाइलचा टॉर्च घ्यावा आणि घरच्यांशी बोलू नये.

नव्या मदरबोर्डवर ही पट्टी खोचायला जागाच नाही. तिथे साटा : एल आकाराच्या खाचेचे दोन कनेक्टर, डेटाचा ७ पिनांचा, पॉवरचा १५ पिनांचा. तेव्हा पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड गाठावा आणि आयडीई-साटा कन्व्हर्टर मागावा. कशाला हवाय, असं दुकानदार विचारेल. खरं सांगू नये.

आता बटण दाबावं. विंडोजचं चिन्ह दिसेल. आनंद इथेच करून घ्यावा, कारण पुढच्या क्षणी निळा पडदा येतो आणि त्यावरच्या आकड्याच्या शेवटी असतं ७बी. विंडोज सुरू होताना डिस्क आधी मदरबोर्डचं बायॉस वाचून देतं. मग सूत्रं एक्सपीच्या हाती येतात, आणि नव्या बोर्डाच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्याच्याजवळ नसल्यामुळे ज्या डिस्कवरून तो उठला तीच त्याला दिसेनाशी होते.

बायॉसमध्ये जाऊन साटाचा मोड एएचसीआयऐवजी आयडीई करावा. हल्लीच्या बोर्डात तो पर्यायच नसतो. मग एक्सपीची सीडी घालून रिपेअर इन्स्टॉल. पहिल्यांदा आर दिसेल तो दाबायचा नाही, दुसऱ्यांदा दिसेल तो दाबायचा. त्याच्याही आधी, सेटअप सुरू होताच एफ६ दाबून ड्रायव्हर द्यायचा, आणि तो फ्लॉपीवरून. हो, फ्लॉपीवरूनच. एक्सपीची सीडी पेजमेकरच्या सीडीच्याच डब्यात होती.

एवढं करून तो उठलाच, तर हार्डवेअर बदललंय म्हणून पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल असेल तर ते जुन्या प्रिंटर पोर्टात बसतं, आणि नव्या कॉम्प्युटरला असला पोर्ट नाही. यूएसबीच्या केबलवर प्रिंटर चालतो, डोंगल बहुधा नाही.

विंडोज १० वाले इथे हसतात. त्यांची डिस्क परक्या मशिनवर बऱ्याचदा निमूट सुरू होते, हे खरं. पण बिटलॉकर चालू असेल तर ती आधी ४८ आकडी रिकव्हरी की मागते, मग हसू जातं. लिनक्सचं तर बोलूच नये. ते बहुतेक वेळा कुठेही लावा, चालतं, आणि मार्गदर्शनाची मजाच जाते. काही नव्या लॅपटॉपांत स्टोरेज बोर्डावर झाळलेलं असतं. तिथे स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवावा.

आता डिस्क परत जुन्या मशिनमध्ये बसवावी. तारीख चुकली आहे, एफ१ दाबा, असं ते म्हणेल. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. एफ१ दाबावं. पेजमेकर उघडतो. मग डिस्कची इमेज काढून ती नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवावी. तिथे एक्सपीला खोटा का होईना, पण ओळखीचा आयडीई कंट्रोलर दाखवता येतो. ॲक्टिव्हेशनची कटकट तिथेही आहे, डोंगलचीही, पण निळा पडदा आला तर डिस्क नाही, फक्त तिची प्रत रुसते. स्क्रू एकही काढावा लागत नाही, म्हणूनच ही पद्धत नवशिक्यांना आधी सांगून चालत नाही.