आधी मीटर लावा

सकाळी सेल्फ लागला नाही की गाडी ढकलत गॅरेजवर न्यायची, मेकॅनिकने बटण दोनदा दाबायचं, आतून टक-टक ऐकायचं आणि सांगायचं, “बॅटरी गेलीय, बदलावी लागेल.” एवढ्यावर आपण खिशातून हजार-दीड हजार काढतो. गाडी मोठी असेल तर त्याहून जास्त. या सगळ्यात मीटर कुठे आला? कुठेच नाही. तो मेकॅनिकच्या खणात पडलेला असतो आणि तो काढा असं आपण म्हणत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मीटर लावल्याशिवाय बॅटरी बदलायची नाही. ज्याला बॅटरी विकायचीय त्याने मीटर लावल्याशिवाय विकायची नाही. दोन-तीनशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो. ज्याच्या दुकानात तो नाही, त्याला बॅटरीवर बोलायचा अधिकार नाही.

पूर्वी या गोष्टीचं एवढं अडत नव्हतं. जुन्या कार्बोरेटरच्या स्प्लेंडरला स्पार्क मॅग्नेटवरून मिळायचा. बॅटरी पार बसली तरी किक मारली की गाडी सुरू. हॉर्न घोगरा वाजायचा, इंडिकेटर मलूल व्हायचे, पण दूधवाला दूध घालून यायचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, म्हणजे सिग्नलला उभ्या गाडीवरही भार आला. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. आता पेट्रोल पुढे ढकलायला विजेचा पंप आणि हिशोब ठेवायला ईसीयू. दोघांनाही करंट हवा. किती तरी मॉडेलांची किक कंपन्यांनी काढूनच टाकली. बॅटरी मेली की गाडी जागेवर. ज्याचं पोट गाडीवर आहे, पार्सल पोचवणारा, औषधं फिरवणारा, त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला. म्हणून हे निदान बटणाच्या आवाजावर सोडू नये.

मीटर काय सांगतो? रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, मीटर लावा. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडी वर दाखवणार. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ किंवा खाली म्हणजे रिकामी. रिकामी म्हणतोय मी, मेलेली नव्हे! इथेच सगळी गफलत होते. रिकामी बॅटरी स्लो चार्जिंगला लावावी, पाच एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला अर्ध्या अँपिअरने, दहा-बारा तास. मग रात्रभर तशीच ठेवून पुन्हा मोजावं. १२.६ टिकलं आणि सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या वर राहिला, तर त्या बॅटरीत अजून जीव आहे. चार्ज करूनही साडेदहाच्या आसपास अडकली तर बहुधा एक सेल बसलाय. तिथे नवी घ्या, बिनदिक्कत घ्या.

चार्जिंगला कुठे लावताय तेही बघा. दुकानात ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांची रांग चार्जिंगला लागलेली असते आणि त्याच वायरीला आपली तळहाताएवढी बॅटरी टांगून देतात. पाच-सहा अँपिअर तिच्या पोटात गेले की ती तापते. मेंटेनन्स-फ्री बॅटरीतलं पाणी व्हॉल्व्हमधून वाफ होऊन जातं आणि वरून घालायची सोय नसते. चार्जिंगला दिलेली बॅटरी अशी परत येते आणि दुकानदार म्हणतो, “बघा, चार्जच पकडत नाही.”

उभ्या गाडीचा आणि सेल्फ मारतानाचा असे दोन आकडे झाले. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी बघत नाही. गाडी चालू करून जरा रेस द्या. टर्मिनलवर साडेतेरा ते साडेचौदा-पावणेपंधरा व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा बारावरच बसून राहिला तर बॅटरीपर्यंत चार्जिंग पोचतच नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. दोन्ही वेळा नवी बॅटरी टाकून काही होत नाही, काही महिन्यांत तीही जुनीच्या वाटेने जाते.

पुण्यात नाना पेठेतल्या एका बॅटरीच्या दुकानात हे डोळ्यांनी पाहिलं. पाठीवर डिलिव्हरीची मोठी बॅग अडकवलेला मुलगा काउंटरवर आला.

“काका, ह्याच नंबरची बॅटरी द्या.”

“आधीची कधी घेतलीस?”

“दिवाळीत.”

“मग वॉरंटीत असेल की.”

“बिल नाय दिलं त्यांनी.”

काका काउंटरमागून बाहेर आले. सीट काढली, मीटर लावला. ११.८. “किक मार.” गाडी सुरू झाली, मुलाने रेस दिली, आकडा ११.९ वर गेला आणि तिथेच थांबला. काकांनी इंजिनकडून रेक्टिफायरकडे जाणाऱ्या तीन पिवळ्या वायरी बोटाने धरून माग काढला. टाकीखाली कपलर सापडलं. पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन विरघळलेलं, आतली एक पिन काळी पडलेली. कपलर सैल बसलं की तिथे गरम होतं, गरम झालं की आणखी सैल होतं, आणि एक दिवस चार्जिंग बंद. काकांनी ते कापून नवं कपलर बसवलं. पुन्हा रेस, मीटरवर १४.२. मुलगा आकड्याकडे बघत राहिला.

“बॅटरी संध्याकाळपर्यंत चार्जिंगला ठेवतो. तोवर ही दुकानातली जुनी लावून जा.”

नव्या बॅटरीचं गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना त्या माणसाने कपलरचे आणि मजुरीचे तेवढे घेतले. अशा दुकानदाराचा पत्ता लोकांनी एकमेकांना सांगावा. आणि दिवाळीत बिल न देता, मीटर न लावता बॅटरी टेकवणाऱ्याचाही सांगावा, तितक्याच मोठ्या आवाजात.

तर मोजून झालं आणि बॅटरी खरोखरच संपलीय. आता निवडायची कशी? जुनीवरचा कोड जसाच्या तसा वाचा आणि गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा. आधीच्या कुणीतरी भलतीच बसवलेली असू शकते. झेड-४, झेड-५, ५एल ही नावं उगाच नाहीत. त्यात लांबी, रुंदी, उंची आणि प्लसची बाजू ठरलेली असते. प्लस उलट्या बाजूला आला की वायर ताणून, वळवून लावतात, आणि घाईत उलटी जोडली गेली तर फ्यूज उडण्यावर निभावलं तर नशीब. रेक्टिफायर किंवा ईसीयू गेला की बॅटरीच्या कितीतरी पट खर्च.

“एक साइज मोठी टाकून देतो, पॉवर जास्त मिळेल,” असं कुणी म्हणालं तर थांबवा. गाडीतली कॉइल जेवढी वीज बनवते तेवढीच बनवणार. टाकी मोठी बसवली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. लहान टाकणं तर आणखी वाईट. खोक्यात ढिली बसते म्हणून बाजूला जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबतात. आपल्या रस्त्यांवर ती बॅटरी दिवसभर आदळत राहते आणि आतल्या प्लेटांचा चुरा खाली साचतो. ट्यूबचा तुकडा दिसला की समजा, चुकीची बॅटरी बसवलीय. एएचचा आकडा गाडीप्रमाणे ठरलेला असतो. स्प्लेंडर ३ एएचवर मजेत चालते. जुन्या सेल्फवाल्या बुलेटला १४ लागायचे, आजच्या क्लासिक ३५० ला ८ पुरतात. तेव्हा बुलेटवाल्यांनी आपल्या गाडीचं वर्ष सांगितल्याशिवाय बॅटरी मागू नये.

ब्रँडवरून मी भांडणार नाही. नावाजलेल्या कंपन्यांमध्ये मला फरक दिसतो तो बॅटरी किती ताजी आहे याचा. बॅटरी शेल्फवर बसल्या-बसल्याही उतरते आणि उन्हाळ्यात जास्त वेगाने उतरते. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, चंद्रपुरात किंवा जळगावात सहा महिने पडून राहिलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट घट्ट बसलेलं असणार. ते नंतरच्या चार्जिंगने पूर्ण सुटत नाही. म्हणून उत्पादनाची तारीख विचारा. ती कोडमध्ये असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. आणि नव्या बॅटरीलाही मीटर लावा, तिथेच काउंटरवर. साडेबाराच्या खाली असेल तर दुसरी द्या म्हणा. यात भीड कसली? साडी उलगडून बघतो ना आपण?

वॉरंटी २४ अधिक २४ महिने अशी छापलेली असते आणि दुकानदार ती चार वर्षं म्हणून सांगतो. पहिल्या २४ महिन्यांतच बॅटरी फुकट बदलून मिळते. नंतरच्या २४ मध्ये फक्त सूट मिळते, ती बहुतेक छापील किमतीवर मोजलेली. बाजारात तीच बॅटरी छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळत असते, त्यामुळे शेवटी हातात फारसं काही पडत नाही. खरी वॉरंटी दोन वर्षांची धरून चाला. त्यासाठीही सीरियल नंबर, तारीख आणि शिक्का असलेलं कार्ड हवं, आणि पक्कं बिल हवं. “जीएसटीशिवाय देतो, शंभर कमी” हे मान्य केलंत की वॉरंटी तिथेच संपली.

लिथियमबद्दलही विचारणा होते. वजन खूपच कमी, करंट जोरकस, पण किंमत काही पट. शिवाय चार्जिंग पंधरावर जाणाऱ्या गाडीत ती घालणं धोक्याचं. रोजच्या कामाच्या गाडीला साधी शिशाची बॅटरी पुरते. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने ती बनवली आणि दुचाकीच्या सेल्फसाठी तिच्याइतकं स्वस्त अजून काही नाही.

पण शिसं म्हटलं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुनी बॅटरी परत दिली की दुकानदार काही पैसे वळते करतो. भंगारवाला कधी त्याहून वीस-तीस रुपये जास्त देऊ करतो आणि आपण खूश होतो. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं आणि ते ३२७ अंशांवर वितळतं. त्याला फार मोठा कारखाना लागत नाही, गावाबाहेर शेडमागे एक भट्टी पुरते. बॅटरी कोयत्याने फोडायची, ॲसिड नाल्यात, प्लेटा भट्टीत, धूर वस्तीवर. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असल्याचा अंदाज मांडला. त्यांत २७ कोटींहून जास्त मुलं भारतातली. बॅटऱ्या अशा उघड्यावर फोडणं-वितळवणं हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून त्या अहवालात आहे. शिसं मुलांच्या मेंदूवर घाव घालतं, आणि तो भरून येत नाही.

२०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्याकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. पण बॅटरी आपण भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकली तर ती कंपनीपर्यंत जाणार कशी? कंपनीच्या विक्रेत्यालाच द्या आणि बिलावर जुनी बॅटरी जमा केल्याची ओळ लिहून घ्या. आणि ज्या बॅटरीला फक्त चार्जिंग हवं होतं, तीही न मोजता फेकली की याच रस्त्याला लागते. मीटरचा हट्ट नुसत्या हजार-दीड हजारांसाठी नाही, तो या भट्टीसाठीही आहे.

घरी बॅटरी काढत असाल तर मायनस आधी सोडा, बसवताना प्लस आधी. नाहीतर पाना चासीला टेकतो आणि ठिणगी पडते. टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, पुसून पेट्रोलियम जेली लावा. पावसाळ्यात निम्म्या ‘गेलेल्या’ बॅटऱ्या मला वाटतं एवढ्यानेच परत येतील.

राहता राहिली कंपन्यांची सर्व्हिस सेंटर. तुम्ही किक काढून घेतलीत, तेव्हा बॅटरीची तब्येत सांगायचं काम तुमचं. गाडीच्या डॅशबोर्डवर फोनचे कॉल दाखवता, मग व्होल्टचा आकडाही दाखवा, स्वस्तातल्या स्वस्त मॉडेलवरसुद्धा. तोपर्यंत प्रत्येक सर्व्हिसच्या जॉबकार्डवर तीन रकाने छापा: गाडी बंद असताना, सेल्फ मारताना आणि रेस दिल्यावर. मीटर तुमच्याकडे आहे, पोरगा पाना घेऊन सीट उघडतोच आहे. दोन मिनिटांचं काम आहे, याच महिन्यापासून सुरू करा.